तासिका तत्त्वावर

सोडियमचा दिवा लावल्या लावल्या पिवळा होत नाही.
आधी गुलाबी, रसवंतीवरच्या ट्यूबसारखा,
मग दहा मिनिटं नुसता विचार करत बसतो.
तेवढ्यात मी हजेरी घेते.
दोंदे मामा मायक्रोस्कोपच्या स्क्रूला
शिवणयंत्राचं तेल सोडतात.
खाली कॉलेज रोड, जानेवारी,
क्लासची पोरं कटिंगच्या ग्लासांवर हात शेकतायत.

बॅच ब. न्यूटनची वलयं.
"स्क्रू एकाच दिशेनं फिरवायचा," मी सांगते.
"मागे फिरवलात तर तो पोकळ फिरतो.
हात हलतो, आकडा हलतो,
काच जागची हलत नाही."
हे वाक्य मी अकरा वर्षं सांगतेय.

मस्टरमध्ये आमचं पान शेवटी, वेगळं:
दिनांक, वर्ग, तास, सही.
प्रॅक्टिकलचा तास अर्धा धरतात.
दिवा तापायची दहा मिनिटं
कुठे धरतात, विचारलं नाही.

बुधवार-गुरुवार सिन्नर.
द्वारकेवरून सहा चाळीसची एसटी,
मांडीवर उत्तरपत्रिका,
शिंद्याचा टोलनाका येईतो आठ तपासून होतात.
एकानं लिहिलं होतं:
प्रकाश तरंग आहे, प्रकाश कण आहे,
विचारणारा कोण आहे त्यावर आहे.
तीनपैकी अडीच दिले.
अर्धा का कापला, ते मलाही सांगता येणार नाही.

माझे स्वतःचे थर बोर्नव्हिटाच्या डब्यात आहेत.
काचपट्ट्यांवर फवारलेलं टिन ऑक्साइड,
जाडी आठशे नॅनोमीटर,
साडेसहा वर्षं.
उन्हात तिरपं धरलं
तर अजून जांभळं दिसतं.

मे महिन्यात मुलाखत झाली. जागा एक,
आम्ही एक्केचाळीस.
तज्ज्ञांनी कला-बदल विचारला, मी फळ्यावर काढून दाखवला,
खडू मोडला, सगळे हसले, बरं वाटलं.
बाहेर कूलरपाशी सफारीतले एक गृहस्थ
फार अदबीनं बोलले.
आकडा बोलले नाहीत.
बोटं दाखवली.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त.
एकतीस वर्षं नोटा छापल्या
आणि रोज संध्याकाळी झडती देऊन,
रिकामा डबा उघडून दाखवून
घरी आले.
त्यांना बोटांचं सांगितलं.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "तेवढ्याची बंडलं केवढी होतात,
मला न बघता कळतं,"
आणि उठून कुंडीतल्या ओव्याला पाणी घातलं,
सकाळी घातलं होतं तरी.

"मॅडम," हर्षला निरगुडे डोळा न काढता विचारते,
"मधोमध तर काचा टेकल्यात ना एकमेकींना?
मग तिथेच अंधार का?"

परत फिरताना एक तरंग उलटा होतो, मी सांगते.
दोघं येतात बरोबर, एकाच वाटेनं,
पण एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार.
काही उरत नाही.
ती मान हलवते. पटलेलं नाही.
मलाही तिसऱ्या वर्षाला पटलं नव्हतं,
गणित सुटलं होतं फक्त.

तिचं उत्तर येतं सहा हजार एकशे वीस.
पुस्तकात पाच हजार आठशे त्र्याण्णव.
शेजारच्या तिघांचं अगदी पाच हजार आठशे त्र्याण्णव आलंय.
तिच्या हातात खोडरबर.
मी काही बोलायच्या आत
ती खोडरबर कंपासमध्ये टाकते,
मामांकडून स्पिरिट मागते,
भिंग उतरवून पुसते, उजेडात धरते, पुन्हा पुसते,
आणि डावीकडच्या विसाव्या वलयापासून
नव्यानं सुरू करते.

बेल होते.
म्हणजे माझा अर्धा तास भरला.
बाकीची पोरं दप्तरं उचलतात,
मामा स्विचबोर्डाकडे जातात.
हा दिवा एकदा घालवला
की निवेपर्यंत परत लागत नाही.

"राहू द्या मामा."
ते माझ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे,
मग किल्ली टेबलावर ठेवतात,
आवाज न करता.

एकोणीस, ती पुटपुटते.
अठरा.