तरफा

मिरजेत, कॉलेजच्या मागच्या इमारतीत, टेबलावर मांजर.
मेंदूपासून मज्जारज्जू सोडवलेला. त्याला आता
भूक नाही, दुखणं नाही, दार वाजलं तर वळून बघणं नाही.
फक्त मांडीकडे जाणारा एक धागा अजून ओ देतो.

गुलाबसो मुजावर तेल कोमट ठेवतो,
थर्मामीटर वाचतो. मांजराला नाव ठेवत नाही.
पूर्वी ठेवायचा.

मी एकदा टकटक करते.
पडद्यावर हिरवी रेघ उठते, बसते.
मग दहा सेकंद धडाधड, सेकंदाला चारशे,
आणि थांबून पुन्हा एकदाच, हलकेच.
तीच रेघ आता चौपट.
रात्री कुणी दार बडवून पळालं की
नंतर साध्या कडीलाही घर दचकतं, तसं.

मग फेनिटॉइन. शिरेतून, सावकाश.
टकटक. रेघ होती तेवढी.
धडाधड. थांबणं. टकटक.
रेघ होती तेवढीच.

गुलाबसोचा सासरा सतारीचे भोपळे कोरतो.
तो म्हणतो, म्हंजे मॅडम, तार वाजतीया तशीच,
तरफा तेवढ्या गप केल्या.
अगदी तसं नाही, मी म्हणते,
आणि वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवते.

बसूचं त्याला सांगितलेलं नाही.
बेडगला विहिरीवर पहिली फिट आली तेव्हा
कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला,
काकूनं मुठीत किल्ली कोंबली, इतकी
की तिचे दात तळव्यावर उमटले.
मी नववीत. पाय मी धरले होते.
एका हाकेला त्या पायांतून शंभर ओ येत होत्या
आणि हाक कुणी मारली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता रोज रात्री तो हीच गोळी घेतो.
हिरड्या सुजल्यात, हसताना ओठ आवळतो.
दिवाळीत मी त्याच्या गुडघ्याखाली
हाताच्या कडेनं मारून बघितलं.
पाय उडाला. जेवढा उडावा तेवढाच.
"अक्का, हे काय?"
"काही नाही. डास होता."

संध्याकाळी मांजर लिंबाखाली.
मी खोरं उचलते तेव्हा गुलाबसो ते काढून घेतो.
जंक्शनात डबे जोडतायत. एक धक्का,
तो डब्याडब्यांतून मागं जातो,
लहान होत होत,
शेवटच्याला नुसता स्पर्श.

"उद्या कितीला?" माती सारत तो विचारतो.
नऊला, मी म्हणते.