टिकणारं

तासगावातून सावळजकडे जाताना डाव्या हाताला
हिरव्या जाळीच्या शेड लागतात, त्यातली तिसरी.
रॉटरडॅमची बाई गाडीतून उतरली तेव्हा
संडासाच्या दाराचा रंग अजून ओला होता,
चौगुले सुपरवायझरच्या कोपराला लागलेला, निळा.

मी दुभाषी. दिवसाचे तीन हजार, जेवण वेगळं.
तिच्याकडे एकशे बारा प्रश्न
आणि बायकांच्या हातात सकाळीच वाटलेले मोजे,
सगळे पुरुषांच्या मापाचे.
मल्लव्वाची बोटं त्यात निम्म्यापर्यंतच पोचत होती,
पुढची रबरी टोकं रिकामी,
बेदाण्याची काडी खुडताना मागं दुमडणारी.

मोजे रोज मिळतात का?
मल्लव्वा चौगुल्याकडे बघते, मग माझ्याकडे.
तिचं मराठी जतेवरनं आलेलं, कानडीच्या काठाकाठानं.
"आज गावले की."
मी इंग्रजीत सांगतो, हो, मिळतात.
अगदी खोटं नाही.
फक्त 'आज' माझ्या जिभेखाली राहिला
द्राक्षाच्या बीसारखा, ना गिळता आला ना थुंकता.

गंधकाची खोली दाखवली, बंद. कुलूप नवं.
धुरी देताना आत कुणी थांबत नाही ना?
"आत कशाला मराया? दारात थांबतो.
दार बसत न्हाई नीट, फडकं दाबून धरावं लागतंय."
हे मी पूर्ण सांगायला निघालो होतो.
फडक्यापाशी अडखळलो,
तेवढ्यात चौगुल्यानं चहा आणवला.

मग तक्रारपेटी. प्रश्न सत्त्याऐंशी.
हाताला पोचेल अशा उंचीवर, टेपनं मोजून लावलेली.
किल्ली चौगुल्याच्या खिशात निघाली,
ते बाईला आवडलं नाही, तिनं तसं लिहिलं.
पेटी उघडली.
कागद एकही नव्हता.
काड्या होत्या. बेदाण्याच्या, तांबूस, ओंजळभर.
काहींना दोऱ्याची गाठ.

"कचरा," चौगुले म्हणाला मराठीत,
आणि त्याचं इंग्रजी करणं माझ्या कामात बसत होतं.

शेडमध्ये कुणाचे हात थांबले नाहीत.
बोलणं तेवढं थांबलं.
मग मागच्या रांगेतून, मान वर न करता,
मुलाण्याची जैबुन:
"कामावर असून खाडा मांडला की एक काडी.
गाठीची म्हंजे धुरीच्या दिवशी कोन तरी पडली.
लिवाय येत न्हाई आमाला, टाकाय येतं."

या वेळी मी काही गाळलं नाही.
तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नको इतक्या मोठ्यानं.
बाईनं काड्या कागदावर पसरून मोजल्या. त्रेसष्ट.
गाठीच्या नऊ.
फॉर्म उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.
लेखी तक्रारींची संख्या, असा रकाना होता.
त्यात तिनं शून्य भरलं
आणि समासात पेन्सिलीनं कितीतरी वेळ लिहीत राहिली
तिच्या भाषेत, जी मला येत नाही.

गाडी गेल्यावर मल्लव्वानं फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं.
"त्ये शाश्वत म्हंजे काय रं?"
टिकणारं, मी म्हटलं. बराच काळ टिकणारं.
"मग टिकतोय की बेदाणा. दोन वर्सं काय हुत न्हाई त्याला.
धुरी दिली की."
खोकला आला तशी ती बाजूला वळली,
पदर तोंडाशी धरून, सवयीनं.

तोवर चौगुले क्रेट घेऊन रांगेतून निघाला होता,
जोडी मोजून घेत.
मल्लव्वानं मोजे काढले, आतून बाहेर उलटले, झटकले.
एका बोटात काडी अडकली होती.
ती तिनं काढून घेतली,
मोजे दिले.