सोमवारची चारची गाडी

आमच्या गावात दगड मिळत नसे.
खरंच सांगते, पोरांना भिरकवायलासुद्धा नाही.
वीतभर खणलं की पाणी, हातभर खणलं की निळसर चिकणमाती,
तिच्यात घोड्याचा खूर रुतला
की बाबांची अख्खी सकाळ जायची.
कधीकाळी समुद्र इथवर येऊन गेलेला,
जाताना गाळ विसरून गेला.
त्या गाळात जवस यायचं.

जूनमध्ये आठ-दहा दिवस शेत निळं व्हायचं,
तेही सकाळपुरतं. दुपारी पाकळ्या गळायच्या
आणि शेत पुन्हा हिरवं,
जणू कुणी काही बोललंच नव्हतं.
मग उपटणी. जवस कापत नाहीत, मुळासकट उपटतात.
पेंढ्या लेई नदीत कुजत घालायच्या,
वर दाबायला दगड,
ते दगड दक्षिणेकडून होडीतून यायचे, विकत.

बाबांचं नाव ओदील. पाच भाऊ, अडीच एकर.
भागाकार सोपा होता.
म्हणून सोमवारी पहाटेची चारची गाडी
शार्लरुआकडे, शनिवारपर्यंत.

'ब्रसेल्स मागे पडलं की जमिनीला सुरकुत्या पडायला लागतात,'
बाबा सांगायचे,
'मग ओळखायचं, भाषा बदलली.'

तिथे डोंगराच्या पोटात काळा थर,
चादर कशीतरी घडी करून कोंबावी तसा,
कुठे ढोपरभर, कुठे माणूस आडवा मावेल एवढाच.
त्या थराच्या मागोमाग धुराडी आली,
भट्ट्या, काचेचे कारखाने, रूळ,
रुळांमागोमाग नाटकगृह, वर्तमानपत्रं, संप,
रविवारी हॅट घालणारे कामगार.
आमच्याकडे मागोमाग यायला पुढे कुणी गेलंच नव्हतं.
आमच्याकडे पाद्री होता. आणि ओल.

खाणीत सगळे हुकूम फ्रेंचमध्ये.
बाबांना पंधरा शब्द येत होते,
त्यातला पहिला, 'पळ',
फिरमँ नावाच्या मुकादमाने शिकवला,
छप्पर करकरत असताना, छातीवर तळवा मारून.
पुढे वर्षभर तो बाबांना 'चिखल्या' म्हणायचा
आणि अर्धा कांदा द्यायचा.

एका शनिवारी बाबांनी खिशातून कोळशाची खपली काढली.
तिच्यावर नेच्याचं पान उमटलेलं,
शीर न् शीर.
आई जवस विंचरत होती, केसांत कुसळं.
तिने खपली उजेडात धरली. म्हणाली,
'म्हणजे हेही शेतच की.
नुसती कापणी लांबलेली.'
बाबा हसले. खूप हसले. मग खोकले.
हसणं थांबलं,
खोकला पुढे एकोणीस वर्षं चालला.

यंदा मी ती खाण बघायला गेले.
खाण नाहीच. मळीचा काळा ढीग आहे,
त्याच्यावर बर्चची झाडं उगवलीत, कुणी न लावता,
आणि खाली एक पाटी, तिच्यावर नावं.
ओदील नाही. तो घरी मेला ना, बिछान्यात.

परतीची गाडी सोमवारची, पहाटेची.
डबा भरलेला. सगळे तिकडचे,
सगळे आमच्याकडे निघालेले,
गालिच्यांच्या कारखान्यात, जिथे आमचं निळं शेत होतं.
समोर एक मुलगी, डोक्याला रुमाल, हातावर शाईने शिफ्टची वेळ.
फ्रेंचमध्ये म्हणाली,
'तुमच्याकडे दगड मिळत नाहीत म्हणे? आजोबा सांगायचे.'
म्हटलं, मिळतात आता. तुमच्याच ढिगातले.
रस्त्यांखाली घातलेत.

तिने डबा उघडला, अर्धा पाव माझ्यापुढे सरकवला.
बाहेर सुरकुत्या विरत चालल्या होत्या.
मग तिने विचारलं, माझ्या भाषेत,
तिला येणाऱ्या पंधराएक शब्दांतले चार लावून, चुकत,
की अजून किती स्टेशनं.