मॅरेथॉनमध्ये कोरडा दिवस

गावाचं नाव मॅरेथॉन, पण इथे धावत नाही कुणी.
फ्लोरिडाच्या शेपटीवरच्या या बेटावर
पेलिकनसुद्धा खांबावर बसून माशांची वाट बघतात.
आम्ही सात दिवसांसाठी घेतलंय निळ्या दाराचं घर,
सोबत एक झोळणा, दोन कयाक,
आणि फ्रिजवर चिकटवलेला कागद:
संध्याकाळी जाळीचं दार बंद ठेवा.

अण्णांनी माझ्याकडून तो दोनदा वाचून घेतला.
"बरोबर लिहिलंय," म्हणाले,
हाताखालच्या माणसाचा अहवाल तपासावा तसं.

एकतीस वर्षं त्यांनी हिवतापात काढली.
म्हणजे तापात नव्हे, खात्यात.
भामरागडच्याही पुढे, जिथे जीप थांबायची
आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागायची.
बोटाला सुई, काचपट्टीवर थेंब,
भिंतीवर गेरूनं तारीख.
आमच्या घरात वाढदिवस विसरले जायचे,
फवारणीच्या फेऱ्या सगळ्यांना पाठ.

पहिल्याच पहाटे ते बाहेर पडले.
मी खिडकीतून पाहत होते:
कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या.
किल्ले बांधायची पिवळी बादली पालथी.
कयाक आडवी करून तळातलं ओंजळभर पाणी वाळूत.
मग अननसासारख्या त्या शोभेच्या झाडाच्या
पानांच्या काखेत बोट घालून
कितीतरी वेळ उभे राहिले,
आजाऱ्याची नाडी बघावी तसे.

नंतर कुंपणाला वळसा घालून
शेजारच्या डॉरीनबाईंचं पाखरांचं पाणी
खुशाल गवतावर ओतून आले.

नऊला बाई दारात, लालबुंद.
मी माफी मागतेय, तेवढ्यात अण्णांनी
आमचा सरबताचा ग्लास तिच्यापुढे धरला.
नमुना ठेवला होता!
उन्हात आठ-दहा स्वल्पविराम
वर-खाली, वर-खाली.
बाईनं बघितलं. कुणीच काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी तिनं पाय देऊ केला,
लिंबाचा, आंबटढाण.
तिच्या पाखरांचं पाणी रोज बदलायला लागलं.

आम्हाला मात्र सूट नाही.
उन्हाचं मलम आधी, ते मुरू दे, मग डासांचं.
ईशानच्या तळव्यांना नको, बोटं तोंडात जातात.
पट्टेवाल्या पायांचा डास दिवसाही चावतो,
तेव्हा दुपारी पण लांब बाह्या.
नीरज म्हणाला, "अण्णा, सुट्टीवर आलोय, मोहिमेवर नाही."
अण्णा सँडलमध्ये मोजे घालून किनाऱ्यावर बसले.
सूर्यास्ताच्या सगळ्या फोटोंत
त्यांची पाठ आहे, ते झुडपांकडे बघतायत.

गुरुवारी पांढरा ट्रक आला.
उतरला डास नियंत्रणाचा रेनाल्डो, विशीतला पोरगा,
हातात लांब दांड्याची पांढरी पळी.
अण्णा उठून उभेच राहिले.
"आमच्याकडे हीच. दांडा तेवढा आम्ही बांबूचा लावायचो."
पोरानं न विचारता ती त्यांच्या हातात दिली.
मग दोघं गटारापासून बोटीपर्यंत वाकत वाकत,
बोटांनी आकडे सांगत.
मला हाक मारली ती एकदाच:
"ह्याला विचार, पगार वेळेवर होतो का?"

रात्री जाळीच्या ओसरीत पंखा पूर्ण वेगात.
पोरं झोपली होती. अण्णा म्हणाले,
"एका काचपट्टीचा निकाल अकरा दिवसांनी आला.
गोळ्या घेऊन गेलो, पूर उतरल्यावर.
माझ्या तारखेवरून त्यांनी भिंत सारवली होती."
कुणाचं घर, किती वर्षांचं माणूस,
मी विचारलं नाही.
जाळीपलीकडे समुद्र होता, दिसत नव्हता.

माझ्या घोट्याच्या आतल्या बाजूला
वाटाण्याएवढा लाल चावा आहे.
पाय साडीत असता तर बरं झालं असतं.
मी तो खुर्चीखाली ओढून घेतला
आणि खाजवायचं टाळत,
जमेल तितकं सरळ बसले.