एकच पाकीट

रात्री एकला रावपुऱ्यातली रहदारी संपते
आणि माझी सुरू होते.
खाली सायकलचं बंद दुकान,
वर अठरा अंशांवर गोठवलेली खोली, माझी शाल,
हिमांशुने अर्धा टाकलेला चहा.

पडद्यावर शहर म्हणजे अकरा राऊटर.
दर तीस सेकंदांनी प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगतो: आहे.
एवढंच. केम छो नाही, या बसा नाही.
पावणेदोन मिनिटं आवाज आला नाही
की शेजारी नाव पुसून टाकतो.
राग नसतो त्यात.

निरोप इथे कुणी लांब नेत नाही.
एका उंबऱ्यापुरतं त्याचं आयुष्य.
पलीकडचा वाचतो, फाडतो,
आपल्या अक्षरात नवा लिहून पुढच्या दारात टाकतो.
वाडीची इच्छा अशी मांडवीला, मांडवीची रावपुऱ्याला
आणि शेवटी सयाजीगंजला, गच्चीवरल्या डिशपाशी:
तीनशे सात पाठवा.
मग चित्र त्याच पावलांवरून उलट येतं.
जिथे फांदी फुटते तिथेच एकाचं दोन होतं,
आधी नाही.

तीनशे सात म्हणजे आमची मराठी वाहिनी.
क्रिकेटच्या दिवसांत तिला कोण विचारतो?
सगळ्या फांद्या छाटलेल्या, एक सोडून.
वाडी, रंगमहालामागची गल्ली.
तिथे दर दोन मिनिटांनी विचारलं जातं,
कुणी आहे का अजून?
आणि नियम असा, की एकाने "मी" म्हटलं
की बाकीच्यांनी गप्प बसायचं.
म्हणून मला कधीच कळलं नाही
तो एकटा आहे
की एका "मी"मागे पन्नास.

"बेन, बंद करून टाकू? लायसनचे पैसे फुकट जातात."
राहू दे, म्हटलं. ती आपली आपण बंद होईल.

मंगळवारी दोन वाजून बारा मिनिटांनी "मी" आलं नाही.
पुन्हा विचारलं.
नाही.
वाडीने मांडवीला पाकीट धाडलं.
पाकीट तेच असतं, जोडा आणि छाटा,
दोन्ही कप्पे एकातच.
आपल्याकडे तरी काय वेगळं,
येतो तोही निरोप,
घेतात तोही.
मांडवीने छाटलं, रावपुऱ्याने छाटलं.
तीनशे सात डिशमध्ये उतरलं
आणि तिथेच उभं राहिलं.

मी रजिस्टर काढलं. त्या गल्लीत सात जोडण्या.
फणसे, भाटवडेकर, पंड्या, पंड्या, मन्सुरी,
एक शिवणक्लास, एक रिकामं घर.
फोन लावावा असं कारण सापडेना.

बुधवारी पावणेअकराला
मकरपुऱ्याच्या बाजूने पाकीट आलं.
तीनशे सात, जोडा.
वाडी गप्पच.
हिमांशु म्हणाला, तोच असणार, घर बदललं.
असेल.
की दुसराच कुणी, मन्सुरींची सून,
की रिमोटवर बसलेलं मांजर.

पाकिटावर मागणाऱ्याचं नाव नसतं.
फक्त शेजाऱ्याचं.