मेपलखाली

ऑर्विन दर सप्टेंबरात बी पेरतो
मेपलच्या बुंध्याभोवती.
पिशवीवर लिहिलेलं: दाट सावलीसाठी.
माती खरवडली की आधी मुळंच लागतात,
त्याच्याच बोटांसारखी, गाठाळ.

मशीनचं पातं तो वर चढवून ठेवतो.
थोड्या उजेडावर संसार करायचा
तर गवताची पाती लांब हवीत.

शेजारची मार्गित म्हणाली, झाडच काढ.
करवतवाला आला, दोर टाकला,
खालच्या दोन फांद्या उतरवल्या.
‘बाकीचं?’
‘राहू दे.’

डुलुथला बर्फ वितळतो एप्रिलअखेर,
आणि मेपलला पानं फुटेपर्यंत
जेमतेम तीन आठवडे.
तेवढंच ऊन, वर्षाचं.

ऑर्विन पायरीवर बसतो,
कॉफी निवत जाते,
आणि त्या विरळ, पोपटी कोंबांना
हलकेच म्हणतो,
शाळेची बस वळणावर आल्यासारखं:
आवरा रे,
आवरा.