अस्तर

बाबांच्या नाकातून दोरा आरपार जायचा.
आईच्या शिवणाच्या डब्यातला, लाल.
कुणाच्या लग्नात, दोन पेले पोटात गेले की
इंगोल्फ वायगेल्ट एका नाकपुडीत दोरा घालायचे,
दुसरीतून ओढून काढायचे,
आणि टाळ्या पडायच्या.

मी सात वर्षांची. मला वाटायचं, जादू.

अठरा वर्षं क्रोमच्या हौदावर वाकून वाकून
त्या नारिंगी वाफेनं पडदा कुरतडला होता.
दर महिन्याला कारखान्याचा डॉक्टर बॅटरी घेऊन यायचा,
रांगेतल्या एकेकाच्या नाकात डोकवायचा.
भोक दिसलं की वहीत टिंब,
आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धा लिटर दूध जास्त.
मोटरसायकलींची मडगार्डं मात्र अशी निघायची
की पोरी त्यांत बघून ओठ रंगवायच्या.
रात्री भिंतीपलीकडून बाबांचा श्वास ऐकू यायचा:
बारीक शिटी, जाताना एक, येताना एक.
चोपाऊ नदी कारखान्याखाली वळते.
तिथं पाणी कधी कधी पिवळं असायचं.
आम्ही म्हणायचो, पानगळ.

त्याच हॉलमध्ये आता मी.
हौद गेले. फरशी फोडून खालची माती
गोण्यांत भरून नेली; कुठं, ते कुणी सांगितलं नाही.
त्या जागी एक पोलादी पिंप, माझ्या उंचीचं,
एक काचेचा डोळा असलेलं.
आतली हवा उपसायची, इतकी
की आवाजालाही पाय ठेवायला जागा उरू नये.
मग ग्रॅफाइटचा रूळ फिरतो
(तेच, पेन्सिलीतलं, बोटं काळी करणारं),
लेझर त्याला टोचतो, ठिणगी उडते,
आणि कार्बन पिस्टनच्या पिनांवर जाऊन बसतो
केसाच्या तिसाव्या हिश्शाइतका.
हिऱ्याचा चुलतभाऊ. रंगानं आजोळी गेलेला.

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
असेल. पण उगाळायला सांगितलंय कुणी?

नदीकडं जाणाऱ्या पाइपात आता
आमचे कॉफीचे कप विसळलेलं पाणी.
फुशारकी नाही मारत. वीज लागते, पोतंभर.
म्हणून डोंगरावरच्या पवनचक्क्या जोरात असल्या
की त्या रात्री मोठी खेप लावायची,
नाहीतर थांबायचं. गिऱ्हाईक कुरकुरतं.

मार्चमध्ये बाबांना घेऊन गेले.
त्यांनी पिन हातात घेतली, खिडकीकडं धरली.
"काळी?"
"काळीच."
"तोंड दिसत नाही हिच्यात."
मग खिशातून घराची किल्ली काढून
दात खाऊन ओरखडा काढला.
पिनेवर रुपेरी रेघ उठली. अंगठ्यानं पुसली, गेली.
रेघ किल्लीची होती.
किल्लीकडं बराच वेळ बघत राहिले.
"इथं वास कसला येतो, योर्डिस?"
"कसलाच नाही."
"म्हणजे तुम्ही सगळे आता माझ्यासारखे."

परतीच्या बसमध्ये मला राहवेना.
म्हटलं, कार्बन पोलादावर नुसता टिकत नाही, बाबा,
पापुद्रा सुटतो. खाली अस्तर लागतं.
अस्तर क्रोमचं असतं.
आम्ल नाही, हौद नाही, वाफ पिंपाबाहेर येत नाही,
जेमतेम नावाला. पण क्रोम.

दोन थांबे ते बाहेर बघत होते.
रस्त्याकडेला बर्फाचे मळके ढीग.

"म्हणजे मी अजून आहे तर, खाली,"
म्हणाले, आणि हसले,
आणि शिटी वाजली.
पुढच्या बाकावरचं पोर मान वळवून
त्यांच्या नाकाकडं टक लावून बघायला लागलं.

बाबांनी कोटाचे खिसे चाचपले,
एक, मग दुसरा,
मग माझ्याकडं वळून विचारलं:
तुझ्याकडं दोरा आहे का गं?